उंची मद्य आणि पाचवे शील



अलीकडे आपल्या सुशिक्षित घरांतून एक नवे सुभाषित कानी पडू लागले आहे. प्यावे, पण थोडे प्यावे. थोडे प्यावे, पण उंची प्यावे. गुत्त्यावर जाऊन ढोसणारा तो अडाणी आणि दिवाणखान्यात बसून, मोजून, चवीने, किंमती बाटलीतून घेणारा तो विवेकी, अशी एक विभागणीच या सुभाषिताने करून टाकली आहे. बढतीची मेजवानी असो, नव्या घराचा गृहप्रवेश असो, मुलाचे लग्न असो, कपाटातील उंची बाटली बाहेर निघते आणि तिच्याबरोबर यजमानाची प्रतिष्ठाही बाहेर निघते. ज्यांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे, अशा कुटुंबांतील तरुणांनाही हा उपदेश पटू लागला आहे. म्हणून त्याचा विचार भावनेने नव्हे, तर एखाद्या दाव्याचा करावा तसा, दोन्ही बाजू ऐकून घेऊन करणे अगत्याचे आहे.

प्रथम या पक्षाचे जे खरे आहे ते मान्य केले पाहिजे. रोज अर्धी बाटली रिचविणाऱ्या माणसाने ते प्रमाण आठवड्यातून एका पेल्यावर आणले तर त्याच्या यकृताचे, त्याच्या संसाराचे आणि त्याच्या मुलांच्या फीचे नुकसान कमी होईल, यात शंका नाही. तसेच, निकृष्ट दारू ही प्राणघातक असते हेही खरे. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभरांवर माणसे दगावली. मरणारे बहुतेक हातावर पोट असलेले कष्टकरी होते. अशा दारूत मिथेनॉल असते. शरीरात गेल्यावर त्याचे फॉर्मिक आम्ल बनते, ते डोळ्यांच्या शिरा जाळते आणि माणूस आधी आंधळा होतो व मग मरतो. तेव्हा दारूच्या प्रतीला काहीच अर्थ नाही, असे म्हणता येणार नाही. परंतु या पुराव्यावरून एवढेच सिद्ध होते की विष पिऊ नये. त्यावरून उंची मद्य प्यावे असे सिद्ध होत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. उंची मद्यात उंची असे काय असते? बाटली, चिठ्ठी, वास, रंग, लाकडी पिंपात मुरल्याची वर्षे. जे मादक आहे, ते इथेनॉल मात्र स्वस्त बाटलीत आणि महाग बाटलीत एकच असते. आपल्याकडील व्हिस्कीवर बहुधा ४२.८ टक्के असा आकडा छापलेला असतो. अशा व्हिस्कीच्या ३० मिलीलिटरच्या एका पेगात सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. १८० मिलीलिटरच्या क्वार्टरमध्ये तो सुमारे ६० ग्रॅम भरतो. ५ टक्क्यांच्या बिअरच्या ३३० मिलीलिटरच्या बाटलीत तो सुमारे १३ ग्रॅम असतो. म्हणजे जी बिअर 'काही नव्हे' म्हणून तरुण पोरे पितात, तिची एक बाटली व्हिस्कीच्या एका पेगाहून जड आहे. यकृताला किंमत वाचता येत नाही. ते फक्त ग्रॅम मोजते.

कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८८ सालीच मद्याची गणना मनुष्याला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात केली. तंबाखूही त्याच वर्गात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही. कमी प्याल्याने धोका कमी होतो. तो नाहीसा होत नाही. आणि हे विधान सर्व प्रकारच्या मद्यांना, मग ते किती का महाग असेना, सारखेच लागू आहे.

कायद्याची दृष्टीही याहून वेगळी नाही. मोटार वाहन कायद्याच्या १८५व्या कलमान्वये वाहन चालविणाऱ्याच्या १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला तर पहिल्याच अपराधाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्हीही होऊ शकतात. त्या कलमात मोहाची दारू आणि परदेशी दारू असा भेद केलेला नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही स्वतःहून घेतलेली नशा हा अपराधातून सुटण्याचा मार्ग ठेवलेला नाही. "साहेब, मी शुद्धीत नव्हतो" हे वाक्य न्यायालयात पुष्कळदा ऐकू येते. स्वेच्छेने प्यालेल्याला त्याने सुटका मिळत नाही. शुद्ध घालविण्याचा निर्णय त्याने शुद्धीत असताना घेतलेला असतो, हे कायदा जाणतो.

नेमकी हीच गोष्ट अडीच हजार वर्षांपूर्वी भगवान बुद्धांनी सांगितली. पंचशीलातील पाचव्या शीलाचे शब्द नीट पाहा. त्यात सुरा आहे, मेरय आहे, मद्य आहे. पण त्यातील मर्माचा शब्द आहे 'प्रमादस्थान'. मद्य हे अपवित्र आहे, त्याच्या स्पर्शाने विटाळ होतो, असे तेथे म्हटलेले नाही. विटाळाची भाषा ज्यांची होती त्यांच्याजवळ ती राहू द्यावी. तिचे चटके आपण पुरेसे सोसले आहेत. शीलाचा आक्षेप निराळा आहे. मद्याने सावधपणा जातो, आणि सावधपणा गेला की उरलेली चार शीले राखणारा कोणी उरत नाही, एवढाच तो आक्षेप आहे. मग ज्याने सावधपणा जातो तीच वस्तू 'सावधपणे' घेण्याचा उपदेश कितपत टिकतो, याचा आपणच विचार करावा. किती झाले हे मोजणारी बुद्धी पहिल्या पेल्यासरशीच पेंगू लागते. जो मुनीम पहिल्या तासातच झोपी जाणार, त्याच्याच हाती दुकानाचा हिशेब द्यावा, तसा हा व्यवहार आहे.

विनयपिटकात सागत स्थविरांची हकीकत आहे. ती या प्रश्नाला इतकी चपखल लागू पडते की ती येथे सांगितलीच पाहिजे. सागत हे मोठे सामर्थ्यवान भिक्षू होते. भद्दवतिकेजवळ त्यांनी एका भयंकर नागाला वश केले, अशी त्यांची ख्याती झाली. ते कोसंबीस आले तेव्हा तेथील गृहस्थांना त्यांचा सत्कार करावासा वाटला. भिक्षूंना दुर्मिळ आणि प्रिय असे काय द्यावे, असे त्यांनी विचारले. काही उच्छृंखल भिक्षूंनी सुचविले, कापोतिका नावाचे नितळ मद्य द्यावे. झाले. घरोघर ते उत्तम मद्य सिद्ध करण्यात आले आणि घरोघर सागतांनी ते आदराने स्वीकारले. नगराबाहेर पडताना ते वेशीतच कोसळले. त्यांना उचलून आणून भगवंतांकडे डोके करून निजविले, तर ते उलटे वळून भगवंतांकडे पाय करून झोपले. तेव्हा भगवंतांनी भिक्षूंना विचारले की, पूर्वी हा तथागतांचा आदर करीत नव्हता काय, आणि आज हा नागाला तर राहोच, पाण्यातल्या साध्या सापाला तरी आवरू शकेल काय? त्या दिवशी भिक्षूंना मद्यपानाची बंदी झाली.

या कथेत गुत्ता कोठेच नाही. देणारे सज्जन होते, भावना सत्काराची होती, मद्य दुर्मिळ आणि नितळ होते, आणि पिणारा स्वतः असामान्य होता. शिवाय एका घरी तो पेला थोडाच असेल. तरीही शेवट वेशीतच झाला. आपल्या आजच्या मेजवान्यांत याहून वेगळे काय घडते?

भगिनींनो, हा प्रश्न सर्वांत अधिक तुमचा आहे. भगवंतांनी सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला मद्याचे सहा दुष्परिणाम सांगितले: धनाचा नाश, कलहाची वाढ, रोग, अपकीर्ती, निर्लज्जता आणि बुद्धीचा ऱ्हास. त्यांत धननाश पहिला आहे. उंची बाटली पिणारा थोडे पीत असेलही, पण तो थोडक्यात फार मोठी रक्कम पितो. आणि ती रक्कम बहुधा मुलीच्या शिक्षणातून, नाहीतर पत्नीच्या अंगावरील दागिन्यातून येते. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा केवळ मारहाणीलाच हिंसा म्हणत नाही. घरखर्चाला पैसा न देणे, स्त्रीधन परस्पर विकणे, हीदेखील त्या कायद्यात आर्थिक छळ म्हणून हिंसाच आहे, आणि त्याविरुद्ध न्यायदंडाधिकाऱ्याकडे दाद मागता येते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्याचे कार्यालय असते. तसेच २००८ च्या आदेशानुसार गावातील किंवा प्रभागातील एकचतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केली तर दारूच्या दुकानासंबंधी गुप्त मतदान घेता येते, आणि आवश्यक तेवढी मते 'आडव्या बाटली'ला पडली तर ते दुकान बंद होते. महाराष्ट्रातील अनेक गावांतील स्त्रियांनी हा अधिकार बजावला आहे.

यावर कोणी विचारील, मग आम्ही प्यावे तरी काय? हा प्रश्न चेष्टेवारी नेण्याजोगा नाही. काय प्यावे आणि कोठे प्यावे यावरून ज्यांचे माणूसपण ठरविले गेले, असे लोक आपण आहोत. महाडच्या नगरपालिकेने १९२४ सालीच चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला होता, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि त्यांच्यामागे हजारो अनुयायांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. पुढे दावा चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय आपल्या बाजूने दिला. ओंजळीत पाणी ते किती मावणार? परंतु या देशात इतक्या जागरूकपणे, इतका अर्थ जाणून घेतलेला दुसरा घोट दाखविणे कठीण आहे. अल्प परंतु उंची पिणे म्हणतात ते हे. त्या ओंजळीचे वारस जर साहेबाच्या पेल्यात आपली प्रतिष्ठा शोधू लागले, तर आपण समता मिळविली नाही, केवळ नक्कल मिळविली, असे म्हणावे लागेल.

आणि उत्तम पेयांचे आपल्या परंपरेला वावडे आहे, असेही कोणी समजू नये. केणिय नावाच्या जटिलाने भिक्षुसंघाला पेये अर्पण केली तेव्हा भगवंतांनी आठ पेयांना अनुमती दिली. त्यांत आंब्याचे, जांभळाचे, केळ्याचे, द्राक्षाचे आणि फालशाचे पेय आहे. यांतील बहुतेक फळे आपल्या बाजारात येतात. कैरीचे पन्हे, कोकमाचे सरबत, जिरे घातलेले ताजे ताक, नाचणीची आंबील, आले घातलेला चांगला चहा, यांत रस, गुण आणि आतिथ्य यांपैकी उणे काय आहे? मद्यावर जेवढे पैसे आणि जेवढी रसिकता खर्च होते तिचा दहावा हिस्सा जरी यजमानाने यांवर खर्च केला, तरी पाहुणा संतुष्ट होऊन आणि सरळ चालत घरी जाईल.

एक शब्द त्यांच्यासाठी, जे व्यसनात अडकले आहेत. त्यांनी लाजून दूर राहू नये आणि आपणही त्यांना दूर लोटू नये. व्यसन हा रोग आहे. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र वैद्यकीय सल्ल्यावाचून एकाएकी दारू तोडू नये. हातपाय कापणे, झोप उडणे, फिट येणे, दोन-तीन दिवसांत भ्रम होणे, असे प्रकार होतात आणि त्यांत प्राणही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडल्यास हा मार्ग सुरक्षित होतो. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हेच कार्य करीत आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयांतील मानसोपचार विभागातही उपचार मिळतात. अशा माणसाने प्रमाण कमी केले तर ती पहिली पायरी म्हणून तिचे स्वागतच आहे. पण पायरी ही चढण्यासाठी असते, बसून राहण्यासाठी नव्हे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तिच्यात प्रमाणाचा अपवाद नाही आणि किंमतीचाही नाही. वकील या नात्याने सांगतो, ज्या करारात अपवाद लिहिलेला नाही त्यात तो आपल्या सोयीने घुसडता येत नाही. तेव्हा आपल्या घरच्या लग्नात, नामकरणात, बुद्धपौर्णिमेला आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीत एवढे तरी आजपासून ठरवावे की मद्याचा पेला कोणापुढे केला जाणार नाही आणि कोणाकडून घेतला जाणार नाही. पाहुण्यास विनयाने सांगावे, "आमच्या घरी ही वस्तू नसते." हे वाक्य उच्चारताना मान खाली घालण्याचे कारण नाही. ते ताठ मानेने उच्चारता येणे, हीच दीक्षेची खूण आहे.