खुंट आमचा, फांद्या आमच्या, खोड कुणाचं?

हायवेवर 'चुलीवरचं मटण' असा बोर्ड दिसला की गाड्या थांबतात, रील बनतात. मटणाशी माझं भांडण नाही. पण चुलीतलं लाकूड कुणी फोडलं आणि कुणी वाहून आणलं, हे त्या रीलमध्ये कधीच नसतं. माझं भांडण तिथे आहे.

मी गोंदिया जिल्ह्यातली, अर्जुनी मोरगाव तालुक्यातली. वऱ्हाडात कापूस निघाला की चुलीला पऱ्हाटी मिळते. आमची झाडीपट्टी धानाची. धानाची तणीस बैल खातात, आणि चुलीत घातली तर भाताला आधण येण्याआधी उडून जाते. त्यामुळे आमचं जळतन जंगलातूनच येतं.

त्या जंगलात दर पावसाळ्यात वादळाने झाडं पडतात. ऐन पडतो, धावडा पडतो. धावडा म्हणजे बंडीचे आस आणि कुऱ्हाडीचे दांडे ज्याचे करायचे ते लाकूड. वाळलेल्या धावड्याचा एक घनमीटर ९०० किलोच्या आसपास भरतो. तो फोडायला दोघांनी ओढायची करवत लागते, पाचर लागते, घण लागतो, आणि न्यायला बंडी लागते. एकटी बाई विळ्याने त्याला ओरखडाही काढू शकत नाही.

पण करवत-कुऱ्हाड घेऊन जंगलात जायची सोय आहे का? १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे वनगुन्ह्यात वापरलेली हत्यारं, गाडी, जनावरंसुद्धा जप्त होऊ शकतात. बंडी गेली, बैल गेले, तर शेती कशी करायची? मग बाया विळा घेऊन जातात आणि विळ्याने जे तुटतं तेच आणतात: मनगटाएवढी, हिरवी, वाढीला लागलेली झाडं. पडलेल्या धावड्याला वाळवी खाते आणि उभा कोवळा ऐन मोळीत जातो. झाड वाचवायला निघालेला कायदा रोप मारून परत येतो.

'आता तर गॅस आहे ना?' आहे. उज्ज्वला १ मे २०१६ ला सुरू झाली, सिलिंडर घराघरांत पोचले. प्रश्न दुसऱ्यांदा भरायच्या पैशांचा आहे. ढोबळ हिशेब करून बघा. गॅसमध्ये किलोमागे लाकडाच्या तिप्पट उष्णता असते. शेगडी त्यातली निम्म्याहून जास्त भांड्याला देते, साधी चूल जेमतेम सहावा-सातवा हिस्सा. म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरचं काम करायला साधारण १७० किलो लाकूड लागतं. २५ किलोची मोळी धरली तर सात फेऱ्या. डोक्यावर चुंबळ, मानेवर भार, आणि प्रत्येक फेरी वाघाच्या हद्दीतून. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. पानं असोत की काड्या, जंगलात वाकून काम करणारी बाई तीच असते.

आता कायद्याची गंमत बघा. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी जंगलात राहणाऱ्यांना दिली. त्या यादीत बांबू आहे, तेंदूपान आहे, झुडपी लाकूड आहे, चक्क खुंटसुद्धा आहे. इमारती लाकूड मात्र नाही. म्हणजे पडलेल्या झाडाचा खुंट आमचा, बारीक फांद्या आमच्या आणि मधलं खोड सरकारचं! २००८ च्या नियमांनी तर वाहतूकही डोक्यावरचा भारा, सायकल आणि हातगाडी एवढ्यावरच बांधून ठेवली होती. २०१२ च्या दुरुस्तीने योग्य ते वाहन चालेल असं म्हटलं. गाडीला परवानगी मिळाली, पण गाडीत घालण्याजोगं जड लाकूड यादीबाहेरच राहिलं.

तोडगा नवा शोधायला नको. विदर्भातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला 'निस्तार' म्हणजे काय विचारा. जळतनाचा गावाचा हक्क १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या निस्तारपत्रकात आहे, आणि वनहक्क कायद्यानेही निस्तार मान्य केला आहे. त्याच हक्काखाली वादळात पडलेलं, साग नसलेलं खोड गावाला द्या. ग्रामसभेने ठराव करावा, उन्हाळ्यातले ठरावीक दिवस ठरवावेत, वनरक्षकाने खोडांवर खूण करावी, गावच्या दोन करवती आणि चार बंड्या आत जाव्यात. वर्षाचं जड जळतन एका आठवड्यात घरी येईल. धावड्याचा निखारा टिकतो, त्यामुळे फेऱ्याही कमी होतील.

'पडलेलं लाकूडही जंगलाला हवं असतं' हा आक्षेप खरा आहे. किडे, बुरशी, घोरपड त्याच्यावर जगतात. म्हणून व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात एकही खोड हलवू नका. गावाशेजारच्या जंगलातही तीनातलं एक राहू द्या, पोकळ खोडाला हातच लावू नका. 'बंडी शिरली की तस्कर शिरतील' हा आक्षेप मात्र मला मान्य नाही. सागाचा तस्कर रात्री येतो, तो ग्रामसभेच्या ठरावाची वाट बघत नाही. दिवसा, सगळ्या गावासमोर चालणाऱ्या कामावर जेवढी नजर राहते तेवढी विळा घेऊन एकेकट्या गेलेल्या बायांवर कुणाचीच राहत नाही.

गॅस स्वस्त करा, तो हवाच. पण तोवर रोजचा भात लाकडावर शिजणार आहे. ते लाकूड उभ्या रोपाचं असावं की आडव्या खोडाचं, एवढंच ठरवायचं आहे. आजची व्यवस्था रोप निवडते, आणि त्याचा भार बाईच्या मानेवर ठेवते.