टोचलेलं औषध जातं कुठं?

मैत्रिणींनो, परवा बोईसरला धाकट्या जावेकडे गेले होते. पालघरहून दोनच स्टेशनं, पण जाणं होतं ते सणावारीच. फ्रीज उघडला तर कोथिंबिरीच्या डब्याशेजारी औषधाचं खोकं! विचारलं तर म्हणाली, "ताई, इसबाचं इंजेक्शन आहे. दर दोन आठवड्यांनी घ्यायचं, पण आता मी महिन्यानं घेणार. एवढं जालीम औषध, लिव्हर बिघडलं तर?"

लग्नाआधीपासून तिला इसब. कोपराच्या खोबणीत, मानेवर खाज. रात्र रात्र झोप नाही. मलमं झाली, गोळ्या झाल्या. आता कुठे चार महिन्यांत कातडी निवळली, आणि हिचं हे! मी तिला घेऊन सरळ तिच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

औषधाचं नाव डुपिलुमॅब. २०१७ साली अमेरिकेत ते मोठ्या माणसांच्या इसबासाठी मंजूर झालं. हे प्रतिपिंड आहे, म्हणजे शेवटी प्रथिनच. गोळी करून दिलं तर पोट ते डाळीसारखं पचवून टाकील, म्हणून टोचायचं. कातडीखालून ते सावकाश रक्तात उतरतं. पुरतं चढायला आठवडाभर लागतो. खाज नि सूज चेतवणारे निरोप पेशीच्या ज्या दारातून आत शिरतात, ते दारच हे अडवून बसतं. नेहमीच्या गोळ्यांसारखं लिव्हरला त्यासाठी राबावं लागत नाही. शरीर आपल्या जुन्या प्रथिनांचे करतं तसेच याचेही तुकडे करतं आणि ते पुन्हा वापरतं.

मग इतके दिवस टिकतं कसं? तर पेशींत एक राखणदार असतो. मोडीत निघालेली प्रतिपिंडं तो उचलून परत रक्तात सोडतो. गंमत म्हणजे आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाला पोचवणाराही हाच! (तेव्हा दिवस राहिले असतील तर डॉक्टरांना आधी सांगावं, बरं का.)

पण महिन्यानं घेतलं तर? रक्तातलं औषध कमी झालं की उरलेलं जास्तच झपाट्याने संपतं, कारण ती दारंच त्याला गिळत जातात. म्हणजे अंतर दुप्पट केल्यानं गुण निम्मा राहील, असा सरळ हिशेब नाही. अजिबात बंद केलं तर साधारण दहा-बारा आठवड्यांत मागमूस उरत नाही.

डोळे लाल होऊन चुरचुरले तर सांगायचं, जंत असतील तर त्यांचं औषध आधी घ्यायचं, असंही बाईंनी बजावलं. खोकं फ्रीजच्या फळीवर ठेवावं, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. टोचण्याआधी पाऊण तास बाहेर काढून ठेवावं; गरम पाण्यात बुडवू नये. आमच्याकडे उन्हाळ्यात लाइट गेली की फ्रीजचं दार उघडायचं नाही, हे मी माझ्याकडून जोडते.

परतताना रिक्षात जाऊ हळूच म्हणाली, "लिव्हरचं निमित्त होतं हो ताई. एका सुईचे पैसे ऐकलेत ना? यांना किती वेळा सांगू?"

हे तिनं डॉक्टरीणबाईंना सांगितलंच नव्हतं! मी तिथूनच फोन लावला. बुधवारी दोघा नवराबायकोला बोलावलंय. तोवर या आठवड्याची सुई चुकवायची नाही, असं तिच्याकडून कबूल करून घेतलंय.