शंभर मैलांपलीकडची साक्ष

साक्षीदार शंभर मैलांपलीकडे राहत असेल तर दिवाणी दाव्यात त्याची लेखी जबानी चालेल, अशी सोय अमेरिकेच्या पहिल्या काँग्रेसने १७८९च्या न्यायव्यवस्था कायद्यात, ३०व्या कलमाने केली. यात गैर काही नव्हते. घोडा आणि गलबत यांच्या भरवशावर चालणाऱ्या त्या देशात बोस्टनच्या व्यापाऱ्याने साक्षीसाठी चार्ल्सटन गाठायचे म्हणजे त्याचा धंदाच बसायचा. तरीही न्यायाधीशांनी या कलमाचा अर्थ कमालीच्या कडकपणे लावला, आणि माझ्या मते ते योग्यच केले.

जबानी घेणारा न्यायाधीश किंवा महापौर त्रयस्थ असावा, त्याच्यासमोरच ती लिहिली जावी, मोहोरबंद पाकीट न्यायालयातच उघडावे, एवढी काळजी कायद्याने घेतली होती. पण प्रतिपक्ष किंवा त्याचा वकील जबानीच्या ठिकाणापासून शंभर मैलांच्या आत असला, तरच त्याला नोटीस द्यायची होती! म्हणजे तो लांब असला की साक्ष त्याच्या गैरहजेरीत, एकही उलटा प्रश्न न येता कागदावर उतरणार. मोहोरेमुळे कागदात फेरफार होत नाही. साक्षीदाराचा खोटेपणा तिला कसा कळणार? बेल विरुद्ध मॉरिसन या १८२८च्या दाव्यात जबानी दंडाधिकाऱ्यासमोर लिहिली गेल्याचे त्याच्या दाखल्यात नव्हते, तेवढ्यावरून न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी ती अग्राह्य ठरवली.

एका वाक्याच्या उणिवेपायी खरी साक्ष वाया घालवायची का, असा आक्षेप यावर घेता येईल, आणि तो हलका नाही. पण उलटतपासणीच नसेल तर गैरहजर पक्षाच्या हाती या अटींखेरीज उरते काय? शिवाय प्रामाणिक पक्षकाराला दुसरा मार्ग मोकळा होता. न्यायालयाने आयुक्त नेमायचा आणि दोन्ही बाजूंचे लेखी प्रश्न साक्षीदाराला विचारायचे, ही जुनी पद्धत त्याच कलमाने कायम ठेवली होती. तिला वेळ आणि पैसा जास्त लागे, इतकेच.

फौजदारी खटल्यात तर एवढीही सवलत नको, असे नॉर्थ कॅरोलायनाच्या न्यायालयाने १७९४ मध्येच ठरवले आणि आरोपीच्या गैरहजेरीत घेतलेली जबानी नाकारली. आरोपीला साक्षीदार समोर असण्याचा हक्क देणारी घटनेची सहावी दुरुस्ती तेव्हा राज्यांच्या न्यायालयांवर बंधनकारक नव्हती, तरीही.

अंतराची अडचण आता तंत्रज्ञानाने बरीच सोडवली आहे. महाराष्ट्र सरकारच्या एका फौजदारी खटल्यात अमेरिकेतील डॉक्टरची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घेण्यास भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये मुभा दिली, ती आरोपीला साक्षीदार दिसतो आणि त्याची उलटतपासणी घेता येते, याच आधारावर.