ज्ञानाची निर्यातबंदी

नाशिक जिल्ह्यात ‘निर्यात’ हा शब्द उच्चारला की कांदाच आठवतो. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, ती ४ मे २०२४ रोजी उठविली. पिकविणारा शेतकरी, राबणारे हात त्याचे, चाळीत माल सडला तर तोटाही त्याचाच. परंतु तो माल कोणत्या वाटेने न्यावयाचा हे ठरविण्याचा अधिकार मात्र दुसऱ्याचा, हा धडा लासलगावच्या बाजार समितीत वेगळा शिकविण्याची गरज नाही. हाच न्याय आता एका निराळ्या मालाला लागू होत आहे. हा माल म्हणजे अनेकांनी मिळून संगणकावर लिहून ठेवलेले ज्ञान. लिहिणारे अनेक, पण लिहिलेले बाहेर नेण्याचा दरवाजा एकाच्या हाती, अशी ही नवी निर्यातबंदी आहे. तिची अधिसूचना निघत नाही, म्हणून ती अधिक धोक्याची आहे.

अनेकांनी एकाच पानावर लिहावे, एकमेकांचे लिखाण सुधारावे आणि प्रत्येक बदलाची नोंद मागे राहावी, या पद्धतीला ‘विकी’ म्हणतात. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९९५ मध्ये असे पहिले स्थळ उभारले. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया याच कुळातला. आज कचेऱ्या, शाळा, स्वयंसेवी संस्था आणि संघटना आपल्या अंतर्गत कामासाठी हीच पद्धत वापरतात. बैठकांची इतिवृत्ते, कामाचे नियम, अनुभवातून सापडलेल्या युक्त्या, सभासदांना द्यावयाची माहिती हे सारे अशा पानांवर जमत जाते. पद्धत तत्त्वतः लोकशाहीची आहे. प्रश्न आहे तो पाने ज्या घरात राहतात त्या घराच्या मालकीचा.

घरमालकाने घर रिकामे करावयास सांगितले म्हणजे काय होते, याची उदाहरणे ताजी आहेत. ‘विकिस्पेसेस’ या सेवेवर जगभरच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे वर्गाची पाने लिहिली. २०१८ मध्ये कंपनीने ती सेवा गुंडाळली. ज्यांनी मुदतीत आपली पाने उतरवून घेतली त्यांची वाचली. ज्यांनी घेतली नाहीत त्यांची गेली. ‘कॉन्फ्लुअन्स’ हे अशाच सामूहिक पानांसाठीचे उत्पादन अनेक संस्था स्वतःच्या संगणकावर चालवीत असत. त्याच्या ‘सर्व्हर’ आवृत्तीचा आधार कंपनीने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी काढून घेतला. आपल्या कपाटात ठेवलेली वही आपलीच, हा समजसुद्धा अशा वेळी अपुरा ठरतो. येथे कोणी कायदा मोडला असे नव्हे. नफ्याच्या हिशेबात न बसणारी गोष्ट बंद करावयाची, हा भांडवली व्यवहाराचा साधा नियम आहे. त्या नियमावर आपल्या सामूहिक स्मृतीचा भार टाकणे हे मात्र आपले अज्ञान होय.

‘पाने बाहेर काढण्याची सोय आहे’ एवढ्या आश्वासनाने समाधान मानणे तितकेच भाबडेपणाचे. ती कोणत्या रूपात निघतात, हा खरा प्रश्न आहे. पीडीएफ हे रूप वाचावयास आणि छापावयास उत्तम. परंतु ते पिठासारखे आहे, त्याचे पुन्हा बियाणे होत नाही. त्यात पानाची शेवटची प्रतिमा येते, आधीच्या आवृत्त्या येत नाहीत. कोणी काय लिहिले, कोणी काय खोडले, कोणत्या मतभेदातून आजचा मजकूर तयार झाला, हे पुसले जाते. वर्डची फाईल दुरुस्त करता येते, पण पानापानांमधील दुवे तीत बहुधा तुटतात. एचटीएमएल रूपात दुवे टिकू शकतात. आवृत्त्यांच्या इतिहासासह मजकूर हवा असेल तर विकिपीडियाच्या प्रणालीत एक्सएमएल रूपातील निर्यातीची सोय आहे. ते सामान्य वाचकाला वाचता येत नाही, परंतु दुसऱ्या घरात तोच संसार मांडावयास तेच लागते. म्हणजे निर्यात एकदाच करून भागत नाही. एक प्रत वाचण्यासाठी आणि एक पुन्हा पेरण्यासाठी, अशा दोन प्रती हव्यात.

मराठी लिहिणाऱ्यांसमोर आणखी एक अडचण आहे आणि ती आपण दीर्घकाळ भोगलेली आहे. कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या टंकांत रचलेला मजकूर त्या टंकाविना उघडला की इंग्रजी अक्षरांची निरर्थक रास दिसते. कितीतरी पत्रके, स्मरणिका आणि अहवाल अशा फाईलींत आज मुके होऊन पडले आहेत. युनिकोडमुळे हे संकट पुष्कळसे टळले. परंतु पीडीएफमध्ये डोळ्यांना शुद्ध दिसणारा देवनागरी मजकूर उचलून दुसरीकडे ठेवला असता जोडाक्षरे फुटतात, वेलांट्या जागा सोडतात, शोध घेतला तर शब्द सापडत नाही, हा अनुभव अजूनही येतो. इंग्रजीत सुरळीत चाललेली निर्यात मराठीत चालेलच असे नाही. ती मराठी पानावरच तपासावयास हवी.

दुसरा मार्ग शक्य आहे, हे विकिपीडियानेच दाखविले आहे. तेथील मजकूर लेखकांचे श्रेय देऊन आणि त्याच अटींवर पुढे वाटण्याच्या बोलीने कोणालाही घेता येतो, आणि संपूर्ण साठा उतरवून घेण्याची मुभा आहे. लेख एकत्र करून पुस्तकरूप पीडीएफ काढण्याची तेथील सोय २०१७ मध्ये बंद पडली, तरी ज्ञान अडकले नाही. कारण मूळ साठा खुला होता. ‘किविक्स’सारख्या साधनाने इंटरनेटशिवायही तो वाचता येतो. सुरगाणा-पेठच्या ज्या पाड्यावर मोबाईलची लहर पोचत नाही, तेथे याचे मोल कळते. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या आणि नाशिकलाच मुख्यालय असलेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’ असे आहे. गंगा घरोघरी जावयाची तर प्रत्येक घरात जे भांडे असेल त्यात तिला उतरता आले पाहिजे.

चळवळींना तर या प्रश्नाकडे दुर्लक्ष करणे मुळीच परवडणारे नाही. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दादासाहेब गायकवाडांना लिहिलेली पत्रे जपली गेली आणि पुढे छापली गेली. म्हणून त्या लढ्यातील निर्णय कसे घडले हे आज समजू शकते. हस्ताक्षरातून छापील पुस्तकात झालेली ती निर्यातच होती. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या शेतकऱ्यांची एक प्रमुख मागणी वनहक्कांची होती. त्या कायद्याखाली वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबसुद्धा पुरावा म्हणून ग्राह्य आहेत. कागद नाही म्हणून ज्यांचे दावे नाकारले गेले, त्यांच्या बाजूने लढणाऱ्यांनी आपली टिपणे परक्याच्या कुलपात ठेवावीत, यापरता विरोधाभास कोणता?

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, पाने सहज बाहेर काढता आली तर सभासदांची नावे आणि खाजगी माहितीही बाहेर जाईल. आक्षेप योग्य आहे. परंतु त्याचे उत्तर कुलूप हे नव्हे. खाजगी माहिती मुळातच वेगळी ठेवावी आणि प्रत काढताना ती गाळावी. एरवी गुप्ततेच्या नावाखाली संघटनेचा इतिहास एका पदाधिकाऱ्याच्या परवलीच्या शब्दात बंद होतो, आणि तो पदाधिकारी गेला की इतिहासही जातो.

म्हणून कार्यकर्त्यांनी काही नियम आजच घालून घेतले पाहिजेत. कोणत्याही सेवेवर पहिले पान लिहिण्यापूर्वी एक मराठी पान तेथून बाहेर काढून दुसऱ्या ठिकाणी पुन्हा उघडून पाहावे. न उघडल्यास ती सेवा नाकारावी. मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. दर तीन महिन्यांनी दोन्ही रूपांतील प्रती काढाव्यात, त्या वेगवेगळ्या गावी ठेवाव्यात, आणि महत्त्वाची पाने छापून ग्रंथालयाच्या स्वाधीन करावीत. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून उभे आहे. इतके आयुष्य अद्याप कोणत्याही संगणकीय कंपनीला लाभलेले नाही.

व्यक्तींच्या दक्षतेवर सारे सोपवूनही चालणार नाही. केंद्र सरकारने २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी मुक्त मानकांचे धोरण जाहीर केले. विद्यापीठे, जिल्हा परिषदा आणि महापालिका यांनी जनतेच्या पैशाने घेतलेल्या प्रत्येक प्रणालीच्या करारात, साठविलेला सर्व मजकूर इतिहासासह खुल्या रूपात परत मिळेल असे कलम असावे, ही मागणी त्या धोरणाशी सुसंगतच आहे. ती सभागृहांतून आणि रस्त्यावरून मांडली पाहिजे.

कांदा एकदा बाहेर गेला की घरी उरत नाही. ज्ञान बाहेर नेले तरी घरचे कमी होत नाही; उलट ते दोन ठिकाणी नांदू लागते. असा माल अडवून ठेवण्याचे समर्थन कोणत्याही टंचाईच्या नावाने करता येणार नाही. श्रम सर्वांचे असतील, तर किल्लीही सर्वांची असली पाहिजे.