विश्लेषण : परळमध्ये फुटबॉल खेळायला पोरं आहेत, झेंडा धरायला कोण?

बारा-तेरा वर्षांच्या मुलांचा फुटबॉल सामना. चेंडू रेषेबाहेर गेला की नाही, यावर एकदम पाच-सहा आवाज उठतात आणि त्यातला एकही मुलांचा नसतो. ‘ओ पंच, दिसत नाही का?’ हे ज्याला ऐकवलं जातं तो अनेकदा कॉलेजात शिकणारा, नुकताच शिट्टी हातात घेतलेला तरुण असतो. जेमतेम प्रवासखर्च सुटेल एवढ्या मानधनावर, कधी तेही न घेता, तो उन्हात धावत असतो. ‘खिलाडूवृत्ती’ हा शब्द आपण मुलांसाठी राखून ठेवला आहे. परळ-लालबागमध्ये सध्या त्याची जास्त गरज रेषेबाहेर उभ्या असलेल्यांना आहे.

एका सामन्याला किती माणसं लागतात?

खेळाडू सोडून मोजा. एक पंच, दोन साहाय्यक पंच. चुन्याने रेषा आखणारे, गोलची जाळी बांधणारे, खेळाडूंची नावं आणि वयाचे दाखले तपासणारे, पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी सांभाळणारे. व्यावसायिक लीगमध्ये ही सगळी पगारी कामं असतात. स्थानिक युवा फुटबॉलमध्ये प्रशिक्षक, एखादा दादा किंवा कुणाचे तरी बाबा ती निभावतात. तटस्थ साहाय्यक पंच मिळाले नाहीत, तर दोन्ही क्लबांनी एकेक माणूस द्यायचा आणि त्याने प्रामुख्याने चेंडू बाहेर गेला एवढंच दाखवायचं, अशी सोय जगभर वापरली जाते. ऑफसाइड पंच स्वतः बघतो. म्हणजे झेंडा धरायला नियमांचं पुस्तक पाठ असावं लागत नाही. फक्त आपल्या पोराच्या विरोधातही तो वर करता आला पाहिजे. खरी अडचण तिथे आहे.

मग कार्यकर्त्यांच्या गावात कार्यकर्ते का मिळत नाहीत?

‘लालबागचा राजा’ १९३४पासून बसतो. दहा दिवस रांगा लावणं, पाणी देणं, हरवलेली मुलं शोधणं हे सगळं या भागाला उपजत येतं. दहीहंडीच्या सरावाला रात्री पोरं जमतात. कबड्डीची मंडळंही याच गिरणगावात पाळी संपवून आलेल्या कामगारांनी उभी केली. तेव्हा तिथे कुणी कुणाला पावती देत नव्हतं.

१९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या, त्या जागी टॉवर आणि मॉल आले, मोकळी जागा आक्रसली. परळचं सेंट झेवियर्स मैदान स्थानिक लीगच्या सामन्यांसाठी ओळखीचं आहे, पण मुलांचं रोजचं फुटबॉल आता बरंचसं जाळी लावलेल्या, तासावर मिळणाऱ्या टर्फवर होतं. टर्फ वाईट नाही, पावसात तर वरदानच. पण तासाचे पैसे भरले की आपण ग्राहक होतो. अकादमीची फी भरलेला पालक सामन्यालाही ‘सेवा’ समजतो आणि सेवेत त्रुटी दिसली की तक्रार करतो. मंडळात तोच माणूस खुर्च्या उचलतो. माणूस बदललेला नाही, त्याचं मैदानाशी असलेलं नातं बदललं आहे.

आता कुणी कोल्हापूरकडे बोट दाखवेल. तिथे पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा ही तालीम आणि तरुण मंडळंच फुटबॉल संघ चालवतात, म्हणजे पेठेची पेठ कार्यकर्ता. मलाही ते मॉडेल मोह घालतं. पण शाहू स्टेडियमवर समर्थकांच्या हुल्लडबाजीने सामने थांबल्याच्या बातम्याही आपण वाचल्या आहेत. पेठेवरचं प्रेम माणसं मैदानात आणतं, पण समोरच्या संघाशी आणि पंचाशी कसं वागायचं हे ते शिकवत नाही.

कार्ड मोजून खिलाडूवृत्ती येते का?

२०१८च्या विश्वचषकात जपान आणि सेनेगल यांचे गुण, गोलफरक, केलेले गोल सगळं समान होतं. आपसातला सामनाही २-२ बरोबरीत. शेवटी जपानची चार पिवळी कार्डं आणि सेनेगलची सहा, या ‘फेअर प्ले’ हिशेबावर जपान पुढे गेला. गंमत अशी की शेवटच्या साखळी सामन्यात पोलंडविरुद्ध ०-१ने मागे असताना जपानचे खेळाडू अखेरची काही मिनिटं चेंडू आपसातच फिरवत राहिले. कार्ड नको, आणखी गोलही नको. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. आम्हा इंजिनीअरिंगवाल्यांना ही गोष्ट ओळखीची वाटते: जे मोजाल तेवढंच लोक सांभाळतात.

पोर्तुगालमध्ये वेगळं माप वापरून पाहिलं गेलं. जानेवारी २०२३मध्ये बेन्फिका-स्पोर्टिंग या महिलांच्या सामन्यात प्रेक्षकांपैकी कुणाची तरी तब्येत बिघडली. दोन्ही संघांचे वैद्यकीय कर्मचारी मदतीला धावले आणि पंच कॅटरिना कॅम्पोस यांनी त्यांना पांढरं कार्ड दाखवलं, चांगल्या वागण्याबद्दल. ते खेळाडूंना नाही, मदत करणाऱ्यांना मिळालं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

इथे काय करता येईल?

फार लांब जायला नको. कफ परेडच्या आंबेडकर नगरमध्ये अशोक राठोड यांनी २००६मध्ये सुरू केलेल्या ऑस्कर फाउंडेशनमध्ये खेळायला आलेली मोठी मुलं पुढे धाकट्यांना शिकवतात. खेळणं आणि खेळवणं यात तिथे भिंत नाही.

परळच्या अकादम्या आणि छोट्या स्पर्धांच्या आयोजकांनी प्रवेश अर्जातच एक रकाना टाकावा: पालक कोणत्या दोन सामन्यांना ड्युटी करणार? संघात सोळा मुलं असतील तर बत्तीस ड्युट्या होतात. प्रत्येक सामन्याला तीन माणसं धरली, तरी दहा सामन्यांचा हंगाम निघून दोन ड्युट्या शिल्लक राहतात. ज्या संघाचा माणूस आला नाही, त्याच्या फेअर प्ले खात्यातून गुण कापा, जसे पिवळ्या कार्डाला कापतात. पंधरा-सोळा वर्षांच्या खेळाडूंनाही दहा वर्षांखालच्या सामन्यांत शिट्टी द्या, सोबत एक मोठा माणूस उभा करून.

फी भरून वर काम का करायचं, असं काही पालक विचारतील. प्रश्न रास्त आहे. ज्यांना रविवारीही सुट्टी नसते, त्यांच्यासाठी रेषेवरच्या ड्युटीऐवजी आदल्या संध्याकाळी घरून फोनवर करता येणारं यादी तपासण्याचं काम ठेवता येईल. बाकीच्यांनी पहिल्या ड्युटीला आपल्याच मुलाच्या सामन्यात झेंडा घ्यावा, आणि तोही त्याच्या संघाच्या बचावाच्या बाजूला.