प्रौढ मनोरुग्णांच्या अनुदानाचा प्रश्न

मानसिक आजार हाही दिव्यांगत्वाचाच एक प्रकार होय, हे तत्त्व आपल्या कायद्याने १९९५ साली मान्य केले आणि २०१६ च्या अधिनियमाने २१ प्रकारांच्या यादीत ते कायम राखले. तथापि सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील ज्या घरांत तिशी-चाळिशीतले अपत्य स्किझोफ्रेनियासारख्या दीर्घ व्याधीने हतबल झाले आहे, तेथील आईबापांना दिव्यांगत्वाचा दाखला आणि अनुदान पदरात पाडून घेताना जे सायास पडतात, त्यांची दखल सरकारदरबारी अद्याप पुरेशा आस्थेने घेतली गेलेली नाही.

पहिला अडसर दाखल्याचा. मनाच्या आजाराचे मोजमाप ‘आयडियाज’ या पद्धतीने होते. स्वतःची निगा, माणसांशी वागणूक, संभाषण व आकलन आणि कामकाज या चार बाबींना प्रत्येकी शून्य ते चार गुण देऊन त्यांत आजाराच्या कालावधीचे गुण मिळवले जातात, आणि २० पैकी ७ गुण भरले म्हणजे ४० टक्के दिव्यांगत्वाची किमान अट पुरी होते. पद्धत विचारपूर्वक बांधलेली आहे, आणि सांभाळ करणाऱ्याकडून माहिती घेणे तीत अभिप्रेतही आहे. परंतु सिव्हिल रुग्णालयातील गर्दीत, मोजक्या मिनिटांच्या तपासणीत, डॉक्टरांसमोर बसतो तो आंघोळ केलेला, स्वच्छ सदरा घातलेला, नाव-गाव बरोबर सांगणारा आणि ‘मला काहीही झालेले नाही’ असे ठामपणे बजावणारा तरुण. त्याला रोज न्हाऊ घालणारी, गोळी गिळेपर्यंत समोरून न हलणारी, रात्री दाराला कडी घालून जागणारी आई बाजूला उभी असते. तिला कोणी बोलते केले नाही, तर तिचे कष्ट ही मुलाची क्षमता गणली जाते आणि त्याची टक्केवारी घटते. याहून मोठा अन्याय या साऱ्या व्यवहारात मला दिसत नाही.

दाखला हाती आल्यावर तहसील कचेरी. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना आता दरमहा अडीच हजार रुपये मिळतात, ही वाढ स्वागतार्ह आहे. मात्र कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत असावे लागते, म्हणजे दिवसाला सुमारे १३७ रुपये. अर्जदार सज्ञान असून त्याचे स्वतःचे उत्पन्न शून्य असले, तरी साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या बापाची मिळकत त्याच्या नावावर धरली जाते आणि दरखास्त नामंजूर होते. केंद्राच्या दिव्यांग निवृत्तिवेतनाला तर ८० टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालील नोंद लागते, आणि केंद्राचा त्यातील वाटा महिना ३०० रुपये!

आपल्या पश्चात काय, ही चिंता याहून खोल आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी पालकत्वाची तरतूद केली; मानसिक आजार त्या कक्षेबाहेर राहिला.

म्हणून दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनास माझी विनंती अशी की, जत, आटपाडी, दहिवडी, पाटण येथे ठरलेल्या वारी मनोविकारतज्ज्ञ पाठवून तपासणी व्हावी आणि आईबापांचे म्हणणे लेखी नोंदवले जावे. आणि राज्य शासनाने सज्ञान मनोरुग्णाचे उत्पन्न बापाच्या उत्पन्नापासून वेगळे मोजण्याचा आदेश काढावा. आईबापांनाही सांगणे आहे. उपचारांचे जुने कागद फेकू नका, मुलाच्या दिनचर्येची साधी टिपणे ठेवा, तपासणीच्या वेळी स्वतः बोला. आणि आपण सरकारी नोकरीत असाल वा होता, तर दिव्यांग अपत्यास मिळू शकणाऱ्या कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी त्याचे नाव आपल्या हयातीतच कार्यालयाच्या दप्तरी नोंदवून घ्या.