मनुस्मृती जळाली, तिचा नकाशा जळायचा राहिला

वस्तीतलं पोरगं बारावी झालं की आपल्या बैठकीत ठरलेले सल्ले सुरू होतात. वकील हो. डॉक्टर हो. स्पर्धा परीक्षा दे, कलेक्टर हो. चुकून कुणी आर्किटेक्ट म्हणालं की सगळे हसतात. ते शेठलोकांचं खूळ, बंगले सजवायचं काम, आपल्याला काय करायचंय? हसणारे आपलेच कार्यकर्ते आहेत, म्हणून हे लिहितोय. मी भिवंडीला सायझिंगमध्ये पाळी करतो, मुलुंडच्या वस्तीत राहतो, कविता लिहितो. कॉलेजची पायरी चढलेलो नाही. पण माझं घर कुणी आखलं, हे विचारायला डिग्री लागत नाही.

आपण गावकुसाबाहेर आपल्या पायांनी गेलो नव्हतो. मनूने दहाव्या अध्यायात लिहून ठेवलं की चांडाळाने गावाबाहेर राहावं. कौटिल्याने जागाही नेमून दिली, मसणवट्यापलीकडे. वास्तुशास्त्राच्या पोथ्यांनी मातीलासुद्धा वर्ण दिले: ब्राह्मणाला पांढरी, क्षत्रियाला तांबडी, वैश्याला पिवळी, शूद्राला काळी. ही नगररचनाच होती. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात मनुस्मृती जळाली. तिने आखलेला नकाशा अजून जागच्या जागी आहे. फक्त आता तो संगणकावर काढतात.

खोटं वाटत असेल तर घाटकोपरला जा. रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ ला पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध माणसं रस्त्यावर आली आणि पोलिसांच्या गोळ्यांनी आपली दहा माणसं मारली. त्याच नगराचा पुनर्विकास आता एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने हाती घेतलाय. जिना किती रुंद, खिडकी कुठल्या बाजूला, विहार कुठे, हजार माणूस जमेल एवढी मोकळी जागा ठेवायची की नाही, हे कुणीतरी कागदावर ठरवतंय. तो कागद वाचणारी आपली किती पोरं आहेत? बोटं मोजा.

पुनर्वसनाचं घर आधी २२५ चौरस फुटांचं, मग २६९, आता ३००. फुटांसाठी मोर्चे निघाले, निघायलाच पायजेत. पण दोन इमारतींमधल्या अंतराचे नियम या योजनांसाठी सैल केलेत, त्यावर किती मोर्चे निघाले? गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींचा 'डॉक्टर्स फॉर यू' संस्थेने अभ्यास केला. खालच्या मजल्यांवर, जिथे ऊन-वारा पोचत नाही तिथे, क्षयाचे रोगी जास्त निघाले. म्हणजे चुकीची रेघ माणसाच्या छातीत शिरते. औषधं द्यायला आपला डॉक्टर पायजेच. पण ती रेघ पुसायला कोण जाणार?

कुणी म्हणेल, घरं बांधतो तर आपणच. खरं आहे. नाक्यावर उभा राहणारा गवंडी, बिगारी, सेंट्रिंगवाला कुठला आहे हे सांगायला नको. ओळंबा त्याच्या हातात, पण सही दुसऱ्याची. १९७२ च्या कायद्याने 'आर्किटेक्ट' हे नाव कौन्सिलकडे नोंदलेल्यांपुरतं राखून ठेवलं. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की कायदा नाव राखतो, काम राखत नाही. आपल्या राखीव जागांवर थुंकणाऱ्यांना विचारा, ही कुठली राखीव जागा?

आणि ते नाव मिळवायची वाट कशी आहे? बारावीला गणित-फिजिक्स, मग 'नाटा'ची परीक्षा, तिचे क्लास वेगळे. मग पाच वर्षं. शिष्यवृत्तीतून फी सुटते, पण शीट, माउंट बोर्ड, प्लॉटरची प्रिंट, लॅपटॉप, स्टडी टूर यांतून कोण सोडवणार? दहा बाय बाराच्या खोलीत ए-वन शीट पसरली की आईने स्टोव्ह कुठे ठेवायचा?

आमच्या गल्लीतली एक पोरगी हे शिकतेय. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. बंगल्याच्या डिझाइनवर ज्युरीत सरांनी विचारलं, नोकरांचा जिना कुठाय? ती म्हणाली, जिना एकच आहे, सगळे त्यावरूनच जातील. मार्क कापले. कारण दिलं, 'फंक्शनल समज नाही.' च्यायला, त्या घरांत आयुष्य काढलेल्या बाईच्या पोरीला समज नाही! ते कॉलेज कुठलं हे सांगून काय होणार? दुसरा जिना त्या एकाच कॉलेजात थोडाच आहे. दरवर्षी अशी कॉलेजं टेप घेऊन आपल्या वस्त्या मोजायला येतात. आमची खोलीही मोजून नेली. मोजणाऱ्यांना मार्क मिळाले, आम्हाला झेरॉक्ससुद्धा नाही.

बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत बावीस वर्षं राहिले. दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांसाठी, आणि त्याच्या नकाशात स्वतः लक्ष घातलं. औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभं करतानाही दगड-विटांवर त्यांची नजर होती. ते घटना लिहीत होते तेव्हाही त्यांना ठाऊक होतं, माणसाला कायदा लागतो तशी खोलीही लागते. आपण त्यांच्या हातातलं पुस्तक पुतळ्यात कोरलं. त्यांच्या टेबलावरचा नकाशा विसरलो.

म्हणून सांगतो, हसणं बंद करा. प्रत्येक विहारात एक मोठं टेबल आणि एक चांगला दिवा ठेवा, जिथे ए-वन शीट पसरता येईल. जयंतीच्या वर्गणीतला एक डीजे कमी करा, त्यात एका पोराचं वर्षाचं बोर्ड आणि प्रिंट निघेल. कॉलेजांना लेखी विचारा, राखीव जागा किती, भरल्या किती, पाचव्या वर्षापर्यंत टिकली किती पोरं. वस्ती मोजायला येणाऱ्याला सांगा, नकाशाची एक प्रत इथे ठेवून जायची, नाहीतर टेप गुंडाळायची. आणि पुनर्विकासाच्या मीटिंगला बिल्डर चहा पाजील तेव्हा चहा पिऊन घ्या, पण सहीच्या आधी नकाशा मागा आणि आपल्या पोरीला पुढे बसवा. ती वाचून दाखवेल.

जय भीम.